जपानची देवी आणि आमचा सरदार

सन एकोणीसशे सत्त्याण्णव, चैत्र महिना. साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडलेला, ऊस गेलेला आणि निरवांगीची जत्रा तोंडावर आलेली. त्या जत्रेत माझ्या हातून जे झालं, ते आता माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्यांनी त्याला फार तिखटमीठ लावून ठेवलंय.

आधी एक सांगतो. मी चौथी नापास. पण माणूस आणि जनावर ओळखायला मला बुक लागत नाही. एडका लांबून चालत आला, की त्याची टक्कर कशी बसणार ते मी सांगतो. गाव अजून मला विचारून जनावर घेतं. जत्रेच्या पालखीचा पुढचा दांडा आमच्या घराण्याचा. हे का सांगतोय ते पुढं कळेल.

माझा मुलगा नामदेव तेव्हा बारामतीला एका कारखान्यात फिटर होता. तिथं जपानी मशीन आलं. ते जोडायला जपानहून एक माणूस आला. नाव केंजी. तिशीचा, चष्मेवाला, अंगानं काडी. जत्रेची सुट्टी लागली तसा नामदेव त्याला मोटारसायकलवर मागं बसवून घरीच घेऊन आला.

"तात्या, ह्याला नीट सांभाळायचं हाय," नामदेव हळूच म्हणाला. "मशीन निम्मं उघडं पडलंय. ह्यो रुसून गेला तर सायब मला घरी बसवतील."

"आपल्या घरनं पाव्हणा रुसून गेलाय का कधी?"

नव्हताच गेला. तोवर.

केंजीनं अंगणात पाऊल टाकलं आणि थबकला. समोर सरदार बांधलेला. सरदार म्हणजे माझा एडका, टकरीचा मेंढा. शिंगं अशी पिळदार की बघणाऱ्यानं बघतच राहावं. इंदापूरच्या बाजारात त्याच्यासमोर दुसरा एडका उभा करायला मालक धजत नसत. केंजी त्याच्याभोवती फिरला आणि कमरेत वाकून त्याला नमस्कार केला. मी म्हटलं, जाण आहे पोराला!

मग घरात आला. कारभारणीनं चहा पुढं केला, तर हातानं थांबवला. पिशवी उघडली. कापसात गुंडाळलेली वीतभर मूर्ती काढली. भिंतीतला कोनाडा रुमालानं पुसला आणि त्यात तिला उभं केलं. बाईची मूर्ती. निळे केस, बशीएवढाले डोळे, हातात काठी. मागं सरून बघितलं, जराशी वळवली, परत बघितलं. मग चहा घेतला.

मी तिथंच हात जोडले. तुम्ही हसाल. पण माझा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तेव्हा देवाची पिशवी त्याच्या खांद्याला असायची. मुक्कामाला पोचलं की आधी देव मांडायचा, मग पाणी प्यायचं. ते वळण आमच्या पोरांत राहिलं नाही. आणि हा समुद्रापलीकडचा माणूस माझ्या घरात येऊन तेच करतो?

"बघ!" मी नामदेवला म्हणालो. "परमुलखात बी देव संगं हाय. तू बारामतीला जाताना काय नेतूस? कंगवा!"

"तात्या, पर त्यो देवच हाय का, हे इचारतो की मी..."

"गप! देवाची कुणी चौकशी करतं व्हय?"

कारभारणीची तक्रार वेगळीच. "अवो, देवीचं गुडघं उघडं हायती!"

"त्यांच्यात तसंच असंल."

"असंल. माझ्या घरात न्हाय चालायचं."

तिनं हिरव्या खणाचा तुकडा काढला, वीतभर देवीला लुगडं-चोळी शिवली आणि नेसवली. केंजीनं ते बघितलं आणि लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. खटाखट फोटो काढले. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

जत्रेचा दिवस उजाडला. आमच्यात रिवाज आहे. जत्रेला कुणाच्या घरी पाहुणा देव आला असेल, तर त्याची आमच्या गावदेवाशी, बिरोबाशी भेट घडवायची. नाही घडवली तर दोन्ही देवांचा अपमान. केंजी नामदेवाबरोबर नीरा नदीवर पोहायला गेलेला. मी म्हटलं, पाहुण्याला कशाला त्रास? आपण यजमान. आपणच नेऊ.

देवीला तेल लावलं. हळद लावली. डोक्यावर धरून वाजतगाजत देवळात नेली.

"तात्या, ही कुठली देवी?" भीमा पुजाऱ्यानं विचारलं.

"जपानची."

"नाव काय म्हनायचं?"

"पाया पडायला नाव लागतं व्हय? पालखीत बशीव."

बसवली. ढोल सुरू झाले. मुठीमुठीनं भंडारा उडाला, आभाळ पिवळं झालं. बायकांनी देवीची ओटी भरली. एकीनं लेकीसाठी नवस बोलला, तिचं बघून सगळ्याच बोलायला लागल्या. पुढचा दांडा माझ्या खांद्यावर. पालखी अशी नाचवली, अशी नाचवली! मिशीला पीळ देऊन मीच आरोळी ठोकली, "जपानच्या देवीच्या नावानं चांगभलं!"

सगळं गाव गरजलं, "चांगभलं!"

तेवढ्यात ओल्या केसांनी केंजी आला.

पालखी टेकली. त्यानं देवी उचलली. निळ्या केसांवर हळद बसून ते पोपटी झालेले. तोंड पिवळंधमक. हातातली काठी पालखीच्या नाचात मोडलेली. तो ओरडला नाही. देवळाच्या पायरीवर बसला आणि ती मोडकी काठी ओटीच्या तांदळात शोधायला लागला. नामदेवानं त्याला विचारलं. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून त्यांचं जमायचं. ऐकता ऐकता नामदेवाचा चेहरा उतरला.

"तात्या, ही देवी न्हाय."

"मग कोण हाय?"

"कार्टूनमधली पोरगी."

"कशातली?"

"टीव्हीवर चित्रं पळत्यात न्हाय का, त्यातली."

मी मागं वळून बघितलं. सगळं गाव अनवाणी, कपाळाला भंडारा. भीमा पुजारी कानाशी लागला, "तात्या, बायांनी नवस बोलल्याती. त्यास्नी काय सांगू?"

"पोचला म्हणून सांग."

त्या दिवशी केंजी जेवला नाही. जत्रेचं मटण, गरम भाकरी, ताट जसंच्या तसं परत. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या दारात पाहुणा उपाशी! नामदेव तर नोकरी गेल्यासारखाच हिंडत होता.

"बाहुलीपायी जेवण सोडतंय व्हय कुणी?" मी त्याला विचारलं.

"त्यांच्याकडं असली लई माणसं हायती, तात्या. एका बाहुलीसाठी रांगंत उभी ऱ्हात्यात. कार्टूनातला शब्द न् शब्द पाठ. लोक हसत्यात त्यास्नी. आता तर त्यांच्यावर बी कार्टून निघाल्याती. एक कॅसेट हाय केंजीजवळ."

"आण. बघू."

इंदापुरातून भाड्यानं व्हिडिओ आणला. जपानी कॅसेटला आमच्या टीव्हीवर रंग काही येईना. काळं-पांढरं बघितलं. चित्रातला एक माणूस, केंजीसारखाच चष्मेवाला. खोलीभर बाहुल्या, त्याला निजायला जागा नाही. बहिणीचं लग्न सोडून बाहुली घ्यायला पळतो. चित्रातले लोक त्याला हसतात. केंजीही हसला. मग चष्मा काढून पुसत बसला.

दारात उभी कारभारीण म्हणाली, "अगं बाई, हे तर आपल्याच घरातलं दावत्यात!"

"कोण?"

"आपल्या लेकीच्या लग्नाची सुपारी फुटली तवा तुमी कुठं हुता?"

"टकरीला."

"भिंतीवर सरदारचं फोटू किती?"

"चार."

"आन् माझं?"

मी नामदेवला कॅसेट पुढं पळवायला सांगितली.

पण उमगलं. सरदारचं शिंग कुणी मोडलं असतं, तर मी त्या माणसाला गावात राहू दिलं नसतं. उठलो, केंजीसमोर उभा राहिलो.

"नामदेव, सांग त्याला. नुकसान माझ्या हातनं झालं. भरपाई माग म्हणावं. मी कुणाचं देणं ठेवत न्हाय."

केंजीनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग पिशवीतून एक चित्र काढून नामदेवला दाखवत बोलायला लागला.

"तात्या, त्यांच्यात मेळं भरत्यात. माणसं चित्रातल्यावाणी सोंगं घेऊन फोटू काढत्यात," नामदेव म्हणाला. "ह्या पोरीच्या गोष्टीत डोंगराचा एक राजा हाय. केंजी म्हणतोय, तसा राजा त्येनं हितं पयल्याच दिशी आपल्या अंगणात बघितला. त्या राजाचा एक फोटू पायजे. तुमी फकस्त फोटूत ऱ्हायचं म्हणतोय."

मी मिशीवरून हात फिरवला. "उद्या सकाळी. देवळासमोर. गावासमोर चूक झाली, गावासमोरच फेडतो."

"तात्या, चित्र तर बघा एकदा."

"राजाला चित्र बघावं लागतं व्हय?"

बघितलं असतं तर वाचलो असतो.

सकाळी दाढी केली. मिशीला तेल. नवं धोतर, लेकीच्या लग्नातला फेटा, खांद्यावर घोंगडी. भीमाकरवी गावाला मीच सांगावा धाडला होता. माणसं जमली. देवळासमोर खुर्ची मांडून घेतली आणि छाती काढून बसलो.

केंजी आला. एका हातात सरदारचा दोर. शिंगं तेलानं चकाकत होती, पाठीवर कारभारणीची जरीची शाल. केंजीनं ती पोपटी केसांची पोरगी सरदारच्या पाठीवर बसवली. लुगडं तसंच ठेवलं होतं. मग माझ्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं आणि नामदेवकडं वळला. नामदेव जमिनीकडं बघायला लागला.

"तात्या, खुर्चीवरनं उठा."

"का?"

"राजा सरदार हाय. चित्रातल्या राजाला शिंगं हायती."

"मग मी कोण?"

"त्येच्या डोक्यावर छत्री धरणारा गडी. गुडघ्यावर."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मग भीमा पुजारी म्हणाला, "तात्या, मिशी मातुर झ्याक हाय गड्याची!"

सगळं गाव फुटलं. दोन म्हाताऱ्या तर हसून हसून खालीच बसल्या.

मी कुणाकडं बघितलं नाही. खुर्ची सारली. गुडघा टेकला, नामदेवनं पुढं केलेली छत्री उघडली आणि सरदारच्या डोक्यावर धरली. केंजीनं फोटो काढला. घरी गेला, हातपाय धुतले, पाटावर बसला आणि भाकरी मागून घेतली.

देणं फिटलं.