उशिरात उशिरा

फोन आला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण कॉम्प्युटरवर मालाची जुळणी मी बरोबर एकला लावली होती आणि पडद्यावर दहावं मिनिट दिसत होतं. फोनवर जनूदादांची मुलगी होती. "ताई, बाबा गेले. तीनला न्यायचंय." मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसले... वळ गावातल्या आमच्या गोदामातून दादांच्या राहनाळला जायला शनिवारच्या दुपारी असा कितीसा वेळ लागतो! पण मी उठले नाही. जुळणी संपली की निघू, असं मनाशी म्हणाले. तेव्हाच का उठले नाही, याचं उत्तर महिना होत आला तरी मला देता येत नाही.

जनूदादा, म्हणजे जनार्दन, आमच्या गोदामाच्या कॉम्प्युटर रूममध्ये माझे सीनियर. अकरा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. घरची भातशेती होती, ती गोदामांखाली गेली, आणि हे त्याच गोदामांत हमालांची हजेरी लिहायला लागले. तिथून कॉम्प्युटरवर आले. मी कॉलेजात हाच विषय शिकून आलेली, भिवंडीत वाढलेली कारकुनाची मुलगी. पहिल्या दिवशी माझा तोरा काय विचारता! एक ते अडीच गोदामाला जेवणाची सुट्टी. तेवढ्यात आमच्या एकुलत्या एक सर्व्हरवर सगळी मोठी कामं उरकायची: जुळणी, परत आलेल्या मालाची यादी, लेबलं, आणि अडीचला लागणाऱ्या गाड्यांची यादी. मी प्रत्येक कामाची सरासरी काढली, बेरीज केली, सुंदर तक्ता केला. जुळणीला चाळीस मिनिटं. दादांनी तक्ता बघितला नि म्हणाले, "बाय, चालीस मिनिटांत ही जुलनी कवा झालेली तू बगितलंस?"

मी नोंदी काढल्या. कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. चाळीस एकदाही नाही. सरासरी, डोंबल माझं! त्या आठवड्यात माझ्या तक्त्यापायी गाड्या पार फाट्यापर्यंत उभ्या राहिल्या आणि एकेक ड्रायव्हर खिडकीशी येऊन विचारायचा, "मॅडम, और कितना टाइम?"

दादा एक आकडा कधीच सांगायचे नाहीत. त्यांचे दोन असायचे, लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. मॅनेजर चिडायचा, "एक काय ते सांगा ना!" हे शांतपणे म्हणायचे, "एक सांगला तर खोटा सांगीन." ज्या कामाचा भरवसा नाही ते आम्ही सगळे शेवटी ढकलतो. दादा तेच आधी लावायचे, पण फक्त दहा मिनिटं. तेवढ्यात झालं तर झालं, नाहीतर थांबवायचं, दुसऱ्यांना जाऊ द्यायचं आणि त्याला मागून पुन्हा घ्यायचं. मला ते थांबवणं जिवावर यायचं. दहा मिनिटं चाललंय म्हणजे आता संपतच आलं असेल, असं वाटायचं. दादा हसायचे. "तसा नसते गो. दहात झाला न्हाय ना, मंग ते आजून लांबनार. जेवरा लांबला, तेवरा आजून लांबनार." आणि व्हायचंही तसंच. मी ते इतकं पक्कं शिकले की पुढे नव्या पोरींना मीच शिकवायला लागले.

तर तो शनिवार. दहा मिनिटं उलटून गेलेली, जुळणी थांबवायला एक बटण पुरे होतं, आणि मी ते दाबलं नाही. ती तीनला दहा मिनिटं कमी असताना संपली. राहनाळला पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. बायकांच्या घोळक्यात वहिनी दिसल्या, पण आत जायचं धाडस झालं नाही. फाटकातूनच परतले. रडू आलं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचा मात्र संताप येत होता.

त्याच्या आदल्या सोमवारी त्यांनी स्वतः फोन केला होता. तीन आठवडे ठाण्याच्या हॉस्पिटलात काढून ते घरी आले होते. आवाज बारीक झालेला. "कवा येतंस?" मी म्हणाले, "दादा, मालाची वर्षाची मोजणी चालू आहे, नक्की सांगता येत नाही." "मंग दोन सांग." मी सांगितले. लवकरात लवकर येत्या रविवारी, उशिरात उशिरा त्याच्या पुढच्या रविवारी. "बरा," म्हणाले.

मला दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून जाता आलं असतं. पण माझं डोकं त्यांनीच घडवलेलं. तीन आठवडे निघाले, म्हणजे अजून निघतील. जेवढं लांबलं तेवढं अजून लांबणार. हा हिशेब मी खरंच केला. माणसाच्या दुखण्याला सर्व्हरचा नियम लावला आणि निवांत कामाला लागले. माझ्यासारखी शहाणी शोधून सापडायची नाही.

दुसऱ्या रविवारी गेले. दहाव्याच्या आदला दिवस. घरात तिघीचौघीच होत्या. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "आलीस? मना ठावं व्हता, तू आजच येशील."

मी काही विचारायच्या आत त्याच सांगायला लागल्या. त्या सोमवारी फोन ठेवल्यावर त्या दादांना म्हणाल्या होत्या, रविवारी पोर येतेय तर मासळी आणायला सांगते. त्यावर दादा म्हणाले होते, "या रविवारी नको. तिचा पयला आकरा कवाच खरा नसते. दुसऱ्याला येल. पन येल."

म्हणजे माझा पहिला आकडा खोटा ठरणार, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून "बरा" म्हणाले होते.

मी भिंतीशी वहिनींच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "च्या ठेवाया सांगू? का घाई हाय?"

"नाही," मी म्हणाले. "आता कसलीच घाई नाही."