गळती ऐकणाऱ्या मॅडम

काहीही विचारलं की मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आत्तापुरतं तरी असं वाटतंय." डब्यात काय आणलंय, या प्रश्नालाही हेच. "भेंडी. आत्तापुरतं तरी." डबा त्यांचा नवरा भरायचा, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तुर्भ्याच्या आमच्या छोट्या कंपनीत जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधायचं काम चालायचं. पाइपाला दोन ठिकाणी सेन्सर लावायचे आणि फुटक्या जागेची सूं-सूं ऐकायची. पण वरून ट्रक धडधडत असायचे. त्या गोंगाटातून मॅडम गळती वेगळी काढायच्या. त्या कॉम्प्युटरला हजारो खोट्या गळत्या कल्पायला लावायच्या. इथे फुटलं असेल तर आवाज कसा येईल? तिथे असेल तर कसा? ऐकलेल्या आवाजाशी जुळतील त्या ठेवायच्या, बाकीच्यांना डच्चू. शेवटी नकाशावर ठिपक्यांचा ढग उरायचा. एकच ठिपका कधीच नाही. आमचे साहेब कपाळाला हात लावायचे.

सानपाड्याच्या एका सोसायटीत नळ कोरडे पडले होते. म्हातारी माणसं बादल्या घेऊन जिने चढत होती. खोदकामाचा ठेकेदार तिथल्याच जुन्या गावातला.

"मॅडम, नक्की सांगा, कुठं खनू?"

"नक्की कसं सांगू? गेटजवळ शक्यता जास्त, बागेखाली थोडी कमी."

गेटजवळ खणलं. खड्डा ठणठणीत कोरडा! सगळे आमच्याकडे बघायला लागले, मी जमिनीकडे. मॅडम मात्र खूश.

"छान! इथे नाही, हे तरी कळलं."

"एवढं कलायला खड्डा मारला?" ठेकेदार म्हणाला.

मॅडम खड्ड्याच्या कडेला भर उन्हात बसल्या. लॅपटॉप मांडीवर घेतला, कोरडा खड्डाही हिशेबात धरला आणि सगळं पुन्हा चालवलं. ढग सरकत सरकत बागेत गेला, तो थेट चेअरमननी नुकत्याच लावलेल्या लॉनवर.

चेअरमन आडवे आले. "आणि हेही चुकलं तर?"

"तर मी मत बदलेन."

"आणि माझं लॉन?"

"त्याचा विचार माझ्या मॉडेलमध्ये नाही."

मागून बादलीवाल्या एक आजी म्हणाल्या, "साहेब, तुमचं गवत परत उगवेल. माझे गुडघे नाही उगवायचे. बाजूला व्हा."

चेअरमन बाजूला झाले, पण पुरेसे नाही. लॉन खणल्यावर काही वेळाने जे कारंजं उडालं, त्याने ते नखशिखांत भिजले. लोक टाळ्या पिटत होते आणि मॅडम मान हलवत पुटपुटत होत्या, "अंदाजापेक्षा जरा डावीकडे निघालं."

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी ठेकेदार ऑफिसात आला. बायकोने दिलेली सुक्या जवळ्याची पिशवी त्याने मॅडमच्या हातात ठेवली.

"बाकीचे छाती ठोकून सांगतात, नि चुकले का फोन उचलत नाय," तो म्हणाला. "तुमी खड्ड्याजवल बसून राहिल्या."

मॅडमनी पिशवी छातीशी धरली. तशाच खाली जाऊन कामोठ्याच्या रिक्षात बसल्या. सुक्या मासळीच्या वासाने रिक्षावाल्याने नाक मुरडून मागे पाहिलं. मॅडमनी एका हाताने डोळे पुसले, दुसऱ्याने पिशवी छातीशी आणखी घट्ट धरली, आणि रिक्षा ट्रकांच्या रांगेत शिरली.