कावळ्याला सांगितलेलं यीस्ट

बाबांच्या दहाव्याला एकोडीच्या तलावाच्या पाळीवर आम्ही पिंड मांडून बसलो होतो. कावळा समोरच्या मोहाच्या झाडावर होता, पण शिवत नव्हता. आईने मान खाली घातली होती. तो शिवल्याशिवाय ती घरी परतणार नव्हती.

"बैल विकत नाही, दादा," काकांनी हात जोडून सांगितलं. कावळा ढिम्म. "वयनीले अंतर देत नाही." तरी ढिम्म.

"त्याचा सवाल राहिला," आत्या माझ्याकडे पाहत म्हणाली. "त्या खमीराचा."

एकोणीसशे ऐंशीनंतरची ही गोष्ट. मी नागपूरला यीस्टच्या, म्हणजे घरच्यांच्या भाषेत खमीराच्या, पेशींवर काम करत होतो. बाबा भाताच्या बांधीत जांभळ्या पानांचं धान लावत, म्हणजे मधे उगवलेलं हिरवं जंगली धान ओळखून उपटता येई. पेशीत डीएनएची नक्कल होताना कधी चुकीची जोडी बसते, हे मी त्यांना सांगितलं होतं. मग एन्झाइम ती हुडकतात, नव्या धाग्याचा तेवढा तुकडा कापतात, जुन्या धाग्यावर पाहून पुन्हा भरतात आणि सांधा जोडतात.

"पण नवा धागा कोणता, थे त्याहिले कसं समजते?" बाबांनी विचारलं होतं. "तिथं कोणतं पान जांभळं?"

"सांग ना गा," काका म्हणाले. "मोठ्यानं सांग. वर बसला आहे तो."

मुंडण केलेल्या डोक्याने मी कावळ्याला सांगू लागलो. काही जीवाणूंत जुन्या धाग्यावर रासायनिक खूण असते, नव्यावर ती जरा उशिरा उमटते. भाऊबंद हात जोडून ऐकत होते. एकजण मधूनमधून "बरोबर" म्हणत होता. कावळ्याने पाठ फिरवली.

"जीवाणूचं कायले सांगून राहिला?" आत्या करवादली. "त्यानं खमीराचं इचारलं होतं!"

यीस्टमध्ये तशी खूण कोणाला सापडली नव्हती.

"ठाऊक नाही, बाबा," मी म्हणालो. "अजून कोणालाच ठाऊक नाही." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं.

कावळा उतरला. दोन पावलं चालून त्याने पिंडाला चोच लावली.

"इतकंच होतं तं पयलेच सांगाचं ना," काका म्हणाले. "ऊन किती झालं!"

परतताना आई बांधीजवळ थांबली. वाकून तिने एक हिरवं रोप उपटलं. मीही एक उपटलं. डोळे पुसून पाहिलं, तर ते जांभळं होतं. आईने ते माझ्या हातातून घेतलं आणि त्याच चिखलात परत लावलं.