आतोबांना लागलेली जपानची काळजी

जपानची काळजी जपानी सरकारखालोखाल कुणी वाहिली असेल, तर ती आमच्या आतोबांनी. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. महाडला शाळेत भूगोल शिकवायचे. जन्मात पनवेलच्या पलीकडे गेले नाहीत. पण एकदा वर्गात धडा शिकवता शिकवता त्यांच्या ध्यानात आलं, की एवढं पोलाद ओतणाऱ्या त्या देशाकडे लोखंडाचा दगड जवळजवळ नाहीच. सगळा बोटी भरभरून परदेशातून आणायचा, आणि दरसाल आदल्या सालापेक्षा जास्त. झालं! माणसाची झोप उडाली. "अरे, उद्या कुणी दगड द्यायचा बंद केला, तर त्यांनी भट्टीत घालायचं काय? भात?" असं ते मला विचारत. मी नुकताच कचेरीत कारकून म्हणून चिकटलेला. मला विचारून काय उपयोग?

खिशात कायम लोहचुंबक. बिजागरी दिसो, छत्रीची काडी दिसो, त्याला लावून बघायचा आणि "याचा दगड कुठला असेल रे?" म्हणत उभं राहायचं. पोलादपूरच्या एसटीत एकदा कंडक्टरचा तिकिटं टोचायचा चिमटाच चुंबकाला चिकटवून यांची तंद्री लागली, आणि भरल्या गाडीत कुणाला तिकीट मिळेना. माझ्यासाठी मुलगी बघायला सव गावी गेलो, तर पोह्यांची बशी हातात येताच यांनी मुलीला पहिला प्रश्न टाकला, "जपान लोखंडाचा दगड कुठून आणतो?" मुलगी म्हणाली, "मिळेल तिथून आणत असेल. तुम्ही आधी पोहे खा, गार होतायत." आतोबा इतके खूश झाले, की मुलगी पसंत आहे का हे मला कुणी विचारलंच नाही. तिच्याशीच आजतागायत संसार करतोय.

खरं दुखणं मात्र होतं कुडपणला. ते त्यांचं गाव. डोंगरावर, रस्ता नाही. आजारी माणूस डोलीत घालून खाली आणायचा. त्यांची थोरली बहीण, आक्का, तिथे चार गुरं धरून एकटी राहायची आणि काही केल्या खाली येत नव्हती. गावावरच्या सड्याचा, म्हणजे माथ्यावरच्या गवताळ कातळ-पठाराचा, तांबडा दगड कुटला की त्याची पूड चुंबकाला चिकटते, हे आतोबांनी हेरून ठेवलं होतं. जपानला दगड हवा, दगड न्यायला ट्रक हवा, ट्रकला रस्ता हवा. आणि रस्ता झाला की आक्कापर्यंत डॉक्टर पोचेल! आम्ही हसत होतो ते या सगळ्याला.

शेवटी ओळखीपाळखी काढून त्यांनी खाणीतला एक साहेब कुडपणला नेलाच. सोबत मी होतो. घामाघूम साहेबांनी दगड फोडला, भिंगातून पाहिला. "मास्तर, माल फार उंची नाही, पण खपेल. रस्ताही होईल." आतोबांनी आनंदाने माझा दंड असा दाबला की कळ आली. "सडा मात्र पुरता खरवडावा लागेल," साहेब म्हणाले.

आक्का ताक घेऊन उभी होती. तिने साहेबांकडे पाहिलंच नाही, भावाला विचारलं, "आन् मंग माजी गुरं चरायची कुठं रे?"

आतोबांनी साहेबांच्या हातातला दगड हळूच काढून घेतला. "राहू द्या साहेब. हा नाही द्यायचा."

"अहो, पण तुमचा जपान?" साहेबांनी विचारलं.

"त्याचं आपण दुसरं काहीतरी बघू."

तो चढ बघून साहेबही पुन्हा फिरकले नाहीत.

पुढच्याच श्रावणात आक्का तापाने फणफणली. डोलीची पुढची बाजू आतोबांनी स्वतः खांद्यावर घेतली. त्यांचं वय बघून पोरं विनवत होती, पण ते खांदा बदलून देईनात. निम्म्या उतारावर आतून आवाज आला, "दमलास का रे?"

आमच्याशी कायम पुस्तकी बोलणारे आतोबा म्हणाले, "नाय गो. तू पडून ऱ्हा."

आक्का बरी झाली आणि हट्टाने वर गेली, त्याच डोलीतून, त्याच खांद्यावरून.

आता कुडपणला गाडी जाते म्हणतात. बघायला आक्काही नाही आणि आतोबाही नाहीत. परवा बायकोने नवी लोखंडी कढई आणली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिचा दगड कुठला असेल गं?"

"आतोबांना विचारा," ती सवयीने बोलून गेली. मग कढई तशीच हातात धरून दोघंही बसून राहिलो.