फ्रीजमधली अर्धी बाटली

कागलच्या हायवेवर आम्ही बंगळूरच्या गाडीची वाट बघत उभे होतो. माझी धाकटी जाऊ हौसा चारचौघांत म्हणाली, "आक्का, म्हस इकून लेकीकडं निघालीस खरी. पर लेक काम काय करती? दारू चाखती!"

"तुझी पोरं पदरचं घालून चाखत्यात," मी म्हणाले. "माझ्या लेकीला पगार हाय."

सगळे हसले, मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र हौसाचं बोलणं डोक्यातून जाईना. नवरा दारूनं गेला. आता त्याचीच लेक त्याच धंद्यात, आणि मी घराला कुलूप घालून तिच्या दारात. ही बापाच्या वळणावर गेली तर मी परत कुठं जाऊ?

हौसा, हे तुझ्यासाठी लिहिते. लेकीसुनांच्या मागं परमुलखात गेलेल्या आपल्या बायांसाठीही. मी चौथी शिकलेली, त्यामुळं सरळच लिहिते.

इथं आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्टची भीती आठवड्यात गेली. माझ्या लेकीची, वैशालीची वाटणारी भीती मात्र गेली नाही. ती कामावरून आली की पाणी द्यायच्या निमित्तानं मी तिच्या तोंडाजवळ जायची. आंबट वास यायचा. कागलला तिच्या वडलांच्या आधी हाच वास दारात यायचा. तो आला की मी हाताशी येतील ती भांडी उचलून ठेवायची आणि वैशालीला शेजारी पाठवायची. इथं शेजारी कोण राहतं तेही मला माहीत नाही.

एका रविवारी ती मला कामाच्या जागी घेऊन गेली. मोठमोठी लाकडी पिंपं आडवी रचलेली. त्यांत बियर वर्ष वर्ष मुरवतात, लोणच्यासारखी. आत पाऊल टाकलं तर सगळीकडं तोच वास. मी पदर नाकाला लावला. तिच्या कन्नड साहेबांनी पिंपातून दोन ग्लासांत थोडी थोडी काढून दिली. वैशालीनं ग्लास उजेडात धरला, वास घेतला, एवढासा घोट तोंडात घोळवला आणि नाकानं श्वास सोडला. मग म्हणाली, "आई, एकच घोट घे की."

एकच घोट. तिचे वडीलही हेच म्हणायचे.

घेतला. माझा नवरा कशापायी गेला ते एकदा बघायचं होतं. आधी चिंच चावल्यासारखे दात आंबले. दोन दिवस राहिलेल्या आंबिलीसारखी चव. मग घोट गिळल्यावर मागून काहीतरी आलं, ओल्या पाटासारखं, जरा गोडसर.

"लाकूड लागतंय गं."

"व्हय! तेच लागाय पायजे," वैशाली खूश झाली.

खरं सांगू? मला ती आवडली. त्यानं मी जास्तच घाबरले. मला आवडली, तर हिला किती आवडत असेल!

तेवढ्यात साहेब पुन्हा ओतायला आले. माझी नजर वैशालीच्या हातावर. तिनं ग्लासावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "साकू." म्हणजे पुरे. आपण कागलची माणसं, एवढं कानडी आपल्याला कळतं. पण माझ्या नवऱ्याच्या तोंडून हा शब्द मी कुठल्याच भाषेत ऐकला नव्हता. तिच्या ग्लासात अर्धी बियर होती. ती तशीच ठेवून वैशाली हात धुवायला गेली.

त्याच बियरची एक बाटली तिनं घरी आणली. भाकरीबरोबर थोडी घेतली आणि उरलेली अर्धी बूच लावून फ्रीजच्या दारात ठेवली, ताकाच्या शेजारी. त्याला महिना होत आला. "आई, गॅस गेला तिच्यातला, ओतून टाकू या," म्हणते. मी ओतू देत नाही.

हौसा, फोनवर तू विचारतेस, घरी कधी येणार. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी तेवढीच राहिली, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. इथं राहते. तरी सकाळी उठले की चहाच्या आधी मी फ्रीज उघडून बघते. तेवढीच असते. मग दूध काढते आणि चहा ठेवते.