यंत्र चालू स्थितीत

पाणीपट्टी कार्यालयात त्यांना सगळे जपूनराव म्हणत. खुर्ची ओढणाऱ्याला ‘जपून’, स्टेपलर मागणाऱ्याला ‘जपून’, घरी बायकोने कपबशी उचलली तरी ‘जपून’. त्यांच्या हाताखालची वस्तू सहसा मोडत नसे; ते तिला मोडूच देत नसत.

त्यांच्या खिडकीतला संगणक मात्र शेवटच्या घटका मोजत होता. पावती निम्मी छापून व्हायची आणि पडदा काळा. मग सगळी नोंद पुन्हा. रांगेतली माणसं बोलायची ती जपूनरावांना. संगणकाला कोण बोलणार? ऑफिस सुटल्यावरही ते राहिलेल्या नोंदी करत एकटे बसत. निवृत्ती जवळ आली होती आणि उरलेली नोकरी या दुखणाइताची सेवा करण्यात घालवायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

यंदा शाखेला नव्या संगणकाची तरतूद मिळाली होती. अट एकच: मुख्य कार्यालयाच्या तपासनिसाने जुना संगणक बंद आहे असा शेरा मारायला हवा. तो चालू निघाला, तर ते पैसे शाखेच्या साहेबांच्या खिडक्यांना नवे पडदे घेण्यात जाणार होते.

“तपासनीस आले की तुम्ही फक्त गप्प बसा,” शेजारच्या टेबलावरच्या आवक-जावकच्या बाईंनी बजावलं. “हात लावायचा नाही. तो आपणहून मान टाकेल.”

“त्यात काय अवघड आहे?”

“दुसऱ्या कुणाला नाही.”

त्या दिवशी सकाळी बायकोनेही डबा हातात देताना तेच सांगितलं. “आज तेवढी माया आवरा.”

तपासनीस आले ते घाईतच. त्यांनी बटण दाबलं. संगणक खाकरला आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं. या वेळी खाकरलाही नाही. तपासनिसांनी खिशातून पेन काढलं. बाईंनी जपूनरावांकडे पाहून हलकेच मान डोलावली.

जपूनराव हात पाठीमागे बांधून उभे होते. सगळं सुरळीत चाललं होतं. पण शेरा मारण्याआधी एकदा शेवटचं बघावं म्हणून तपासनिसांनी बटणावर अंगठा रोवला आणि दुसऱ्या हाताने पेटीवर जोरात थाप मारली.

“अहो साहेब, असं नाही,” जपूनरावांच्या तोंडून निघून गेलं.

“मग कसं?”

बाई खोकल्या. जपूनरावांनी ‘मला काय माहीत’ एवढंच म्हणायचं होतं. पण विचारणारा साहेब होता, आणि उत्तर येत असताना गप्प बसणं त्यांना शाळेतही कधी जमलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा पंखा पेटीकडे वळवला, मागची वायर किंचित वर उचलली, बटण हळूच दाबून धरलं आणि अलगद सोडलं. पडदा उजळला. कधी नव्हे ती पावतीही शेवटच्या ओळीपर्यंत छापून निघाली.

‘यंत्र चालू स्थितीत. निगा उत्तम,’ असा शेरा तपासनिसांनी लिहिला. “आख्ख्या खात्यात तुमच्यासारखा माणूस नाही,” म्हणत त्यांनी हातही मिळवला. जपूनरावांचा चेहरा फुलला. तो उतरला ते तपासनीस जिना उतरून गेल्यावर.

“स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात,” बाई म्हणाल्या. “तोही किती हळुवारपणे.”

पडदे आले. फिकट निळे, चांगल्या कापडाचे. त्यानंतर काही दिवसांनी मुख्य कार्यालयाच्या गाडीतून दोन धुळकट संगणक उतरले आणि जपूनरावांच्या टेबलाशेजारी येऊन बसले.

“हे कुणाचे?” बाईंनी विचारलं.

“बाकीच्या शाखांचे. तिथे कुणालाच चालू करता येत नाहीत म्हणे. मोडीत काढण्याआधी माझ्या हाताखालून जाऊ देत, असं तपासनिसांनी कळवलंय.”

“म्हणजे त्या शाखांचं काम ठप्प?”

“छे,” एका पेटीची जाळी काढून आत फुंकर मारत जपूनराव म्हणाले. “त्यांना नवे मिळाले.”