नितीनच्या पिकअपचं चौथं लिंबू

मंडळी, आज सकाळी इथे आखातात, अल हिलालमध्ये शेजारच्या नितीनच्या पिकअपची पूजा केली. वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर आम्ही एकत्रच काम करतो. गाड्याही एकाच महिन्यात, एकाच मॉडेलच्या घेतल्या. त्याने आता वाळूत फिरायला नवे शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचे पाटे बसवलेत, त्याचीच ही पूजा. गाडी चार बोटं उंच दिसते. माझी मात्र प्रत्येक खड्ड्यात कण्हते.

"अण्णा, नारळ तुम्हीच फोडा. तुमच्या हाताला यश आहे. आणि तुमच्या गाडीला हे कधी बसवताय?" नितीन म्हणाला.

"हिला काय, साइटवरच तर जायचं असतं," मी हसून म्हणालो.

नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. ओठांवर देवाचं नाव होतं, आणि मनात एकच, याला मिळालं, मला का नाही?

तो वाळूच्या टेकड्यांकडे निघून गेला. घरी येऊन खिशात हात घातला, तर चौथं लिंबू हाताला लागलं. मी तीनच चाकांखाली ठेवली होती.

दुपारपासून त्याचा फोन लागत नाही. तिकडे रेंज नसते, हे ठाऊक आहे. तरी लिंबू देवापुढे ठेवून बसलोय. तो सुखरूप यावा म्हणून हात जोडतो, आणि डोळे मिटले की त्याची ती उंच गाडीच दिसते.

खरं सांगा, मी विसरलो असेन ना?